पगार कुणाचा, घर कुणाचे: 'ए रेझिन इन द सन'मधील स्त्री-पुरुष आणि कुटुंब

आपण एम.ए.ला लॉरेन हॅन्सबेरी यांचे 'ए रेझिन इन द सन' हे नाटक अभ्यासत आहात आणि आपली अडचण थोडक्यात अशी आहे. या नाटकात घर बायका सावरतात आणि विम्याचा पैसा पुरुष बुडवतो. तरीही आई लेना यंगर मुलालाच घराचा कर्ता ठरवते आणि शेवटी, आता तो खरा पुरुष झाला, असे समाधानाने सुनेला सांगते. मग हे नाटक स्त्रियांच्या बाजूचे मानायचे की पुरुषप्रधान कुटुंबाचे समर्थन करणारे, असा आपला प्रश्न आहे. शिवाय आपल्या गटाला यातल्या काही प्रवेशांचे अभिवाचन करायचे आहे आणि मध्यवर्ती पात्र आई की मुलगा, यावरून गटात मतभेद आहेत.

मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना अमेरिकन नाटक शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून प्रवेश बसवूनही घेते. या नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो, आणि तो योग्यच प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर पात्रांच्या तोंडच्या वाक्यांत शोधले, तर आपण अडकून पडू, कारण यंगर कुटुंबातील माणसे स्त्री-पुरुषांविषयी जे बोलतात आणि प्रत्यक्ष जे करतात, त्यांत मोठी तफावत आहे. हॅन्सबेरींनी ही तफावत जाणीवपूर्वक ठेवली आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी भाषणे बाजूला ठेवायला सांगते आणि केवळ व्यवहार पाहायला लावते: पैसा कुणी मिळवला, कुणाच्या हातात गेला, परवानगी कुणाला मागावी लागली आणि एखादी गोष्ट फसली तेव्हा भरपाई कुणी केली. एवढे नीट पाहिले की आपल्या प्रश्नाचा निम्मा गुंता सुटतो. उरलेला निम्मा सुटत नाही, आणि तो का सुटत नाही हेही मी पुढे सांगणार आहे.

पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक असणार, तरी आपल्या गटातील इतरांसाठी दोन ओळी लिहिते. नाटक शिकागोच्या साउथ साइड भागात, यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या जुनाट, कोंदट घरात घडते. झोपायच्या दोनच खोल्या असलेल्या या घरात तीन पिढ्या राहतात, नातू बाहेरच्या खोलीतील सोफ्यावर झोपतो आणि न्हाणीघर शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे. लेनाचा नवरा बिग वॉल्टर वारला आहे आणि त्याच्या विम्याचे 10,000 डॉलर यायचे आहेत. मुलगा वॉल्टर ली एका गोऱ्या धनिकाच्या मोटारीवर ड्रायव्हर आहे, सून रूथ लोकांच्या घरी धुण्याभांड्याची आणि स्वयंपाकाची कामे करते, लेनानेही जन्मभर तेच केले आहे, आणि विशीतली मुलगी बेनिथा डॉक्टर होण्यासाठी शिकते आहे. 11 मार्च 1959 रोजी हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले ते ब्रॉडवेवरचे पहिले नाटक होते, आणि त्याचे दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हेही तेथे नाटक बसवणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक मानले जातात.

आता पहिल्याच सकाळचा व्यवहार पाहा. दहा-अकरा वर्षांचा ट्रॅव्हिस शाळेसाठी 50 सेंट मागतो. रूथ नाही म्हणते, कारण घरात ते नसतात. वॉल्टर मुलाला 50 सेंट काढून देतो आणि फळे घे किंवा टॅक्सीने जा म्हणून वर आणखी 50 सेंट देतो. मुलाच्या डोळ्यांत बाप मोठा होतो. थोड्याच वेळात वॉल्टर दारातून परत येतो आणि कामावर जायला गाडीभाडे नाही म्हणून बायकोकडे पैसे मागतो. रूथ, 50 सेंट का, असे विचारत त्याला ते देते आणि टॅक्सीनेच जा, असे मायेने चिडवते. पुढच्या तीन अंकांत या घरात जे घडणार आहे, ते या नाण्यांत आधीच घडून गेले आहे. बाप म्हणून उदार दिसण्याची गरज वॉल्टरची आहे, त्या उदारपणाची किंमत रूथच्या पाकिटातून जाते, आणि मुलासमोर नाही म्हणणारी, म्हणजे वाईट दिसणारी, रूथच ठरते. अभिवाचनासाठी प्रवेश निवडताना हा प्रसंग वगळू नका. पुष्कळ गट तो किरकोळ म्हणून गाळतात आणि थेट मोठ्या भांडणांवर उडी घेतात.

याच सकाळी वॉल्टरची ती प्रसिद्ध तक्रार येते, की पुरुष बायकोला म्हणतो माझे एक स्वप्न आहे, आणि बायको म्हणते, तुमची अंडी खाऊन घ्या. हे स्वप्न म्हणजे विम्याच्या पैशातून मित्रांबरोबर दारूचे दुकान काढायचे. हे वाक्य ऐकताना प्रेक्षक वॉल्टरच्या बाजूने झुकतो आणि झुकायलाही हवा, कारण त्याची घुसमट खरी आहे. पण ते वाचताना रूथच्या हातांकडे लक्ष द्या. त्या सकाळी ती न्याहारी बनवते, मुलाला शाळेत धाडते आणि त्यानंतर स्वतःही कामावर जाणार आहे. नवऱ्याच्या स्वप्नाशी तिचे वैर नाही. उलट नवरा बाहेर पडल्यावर तीच सासूजवळ त्याची बाजू मांडते की त्याला काहीतरी हवे आहे, ते मी त्याला देऊ शकत नाही, त्याला ही संधी द्या. नवऱ्यापुढे विरोध करणारी आणि त्याच्या पाठीमागे त्याची वकिली करणारी ही बायको आहे. वर्गात रूथला रडकी, थकलेली गृहिणी म्हणून वाचले जाते तेव्हा ही गोष्ट हरवते.

दुसरा एक व्यवहार दोन अंकांत विभागलेला असल्यामुळे सहसा नजरेत येत नाही. रूथची प्रकृती ठीक नाही हे दिसल्यावर लेना तिला सांगते की आज कामावर जाऊ नकोस, मी तुझ्यासाठी फोन करते. रूथ नकार देते. मालकीण लगेच एजन्सीला फोन करून, माझी मुलगी आज आली नाही, दुसरी कुणी पाठवा, असा आरडाओरडा करील, हे ती सांगते. तिशीतल्या बाईला तिथे 'मुलगी' म्हटले जाते, हेही त्या वाक्यात येऊन जाते. पुढे दुसऱ्या अंकात वॉल्टर निराश होऊन तीन दिवस कामावर जात नाही. मित्राची मोटार घेऊन तो शहराबाहेर भटकतो, पोलादाचे कारखाने पाहतो, दुसऱ्या दिवशी शेते पाहतो, रात्री दारूच्या अड्ड्यात बसून सॅक्सोफोन ऐकतो. रूथला हे कळते ते त्याच्या मालकिणीच्या फोनवरून. या दोन प्रसंगांना शेजारी ठेवा. निराश होण्याची मुभासुद्धा या घरात समान वाटलेली नाही. गर्भवती रूथ एक दिवस थांबू शकत नाही आणि वॉल्टर तीन दिवस थांबू शकतो, कारण तो थांबला तरी घर चालू ठेवणाऱ्या दोन बायका घरात आहेत.

येथवर वाचून आपल्याला वाटेल की नाटक वॉल्टरविरुद्ध आरोपपत्र ठेवते आहे. तसे नाही, आणि या मुद्द्यावर सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. वॉल्टर आईला जे सांगतो ते लक्षात ठेवा: मी दिवसभर मोटारीची दारे उघडतो आणि लावतो, होय साहेब, नाही साहेब म्हणतो, ही नोकरी म्हणजे नोकरीच नव्हे. पस्तिशीतल्या माणसाला भविष्य म्हणून समोर रिकामी पोकळी दिसते आहे. त्या काळच्या अमेरिकेत पुरुषाने कमवावे आणि बाईने घर पाहावे, हा आदर्श मासिकांतून, जाहिरातींतून आणि दूरचित्रवाणीवरून अखंड समोर येत होता; पण तो आदर्श पाळता येईल एवढी मिळकत कृष्णवर्णीय पुरुषाला मिळू न देण्याची व्यवस्थाही तेवढीच पक्की होती. त्यामुळे त्यांच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबावे लागले. मिळवत्या बायकोचा वॉल्टरला राग येतो, परंतु तो राग मुळात ज्याच्यावर यायला हवा तो मालक घरात नसतो, आणि घरात असतात त्या आई, बायको आणि बहीण. नाटक हे समजून घेते, पण म्हणून वॉल्टरला मोकळे सोडत नाही.

आपण शोधनिबंध लिहिणार असाल, तर येथे एक ऐतिहासिक संदर्भ उपयोगी पडेल. नाटकानंतर सहा वर्षांनी, 1965 मध्ये, अमेरिकी सरकारचे अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा कृष्णवर्णीय कुटुंबांविषयीचा अहवाल आला. त्यात या कुटुंबांच्या दुरवस्थेच्या कारणांत स्त्रियांच्या हाती एकवटलेल्या घराच्या सूत्रांवर मोठा भर होता. त्यानंतर अनेकांनी लेना यंगरला त्या चौकटीत बसवून पाहिले: प्रबळ आई, म्हणून दुबळा मुलगा. वॉल्टर स्वतःही जवळजवळ असेच बोलतो, आणि आमच्या वंशाच्या बायका पुरुषांना मोठे होऊ देत नाहीत, असा ठपका ठेवतो. परंतु वॉल्टर असे म्हणतो, एवढ्यावरून नाटकाचे मत तेच आहे असे ठरत नाही. आईने वॉल्टरच्या हाती दिलेले 6,500 डॉलर कुणामुळे बुडाले हे पाहा. त्याच्या आईमुळे नाही. ज्या विली हॅरिसला तो आपला माणूस समजत होता, त्या पुरुष मित्राने ते पळवले.

आता लेनाकडे येऊ. तिच्याविषयी वाचकांत दोन टोके दिसतात. कुणी तिला देवी करते, कुणी हुकूमशहा. दोन्ही वाचने तिच्या कृतींपुढे टिकत नाहीत. देव वगैरे काही नाही असे बेनिथा म्हणते तेव्हा लेना तिच्या थोबाडीत मारते आणि, माझ्या आईच्या घरात अजून देव आहे, हे वाक्य तिच्याकडून म्हणवून घेते. सुनेने नातवाला सकाळी गरम खायला घातले की नाही, याची चौकशी करते, नातवाने घातलेले अंथरूण पुन्हा नीट करते. सुनेच्या राज्यात ती वावरते आणि आपण वावरतो आहोत हे मान्य करत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे सारे इतके ओळखीचे वाटते की तो लगेच तिला आपल्या ओळखीची सासू करून टाकतो. ते टाळा. लेना दक्षिणेतून उत्तरेत आली ती अशा काळात, जेव्हा जमावाच्या हातून मारले न जाता जिवंत राहणे हीच मोठी मजल होती. मुलगा जेव्हा म्हणतो की पैसा म्हणजेच जगणे, तेव्हा ती सांगते की आमच्या वेळी स्वातंत्र्य म्हणजे जगणे होते, आता ते पैसा झाले आहे. तिची शिस्त या इतिहासातून आली आहे.

पण याच लेनाच्या दोन निर्णयांवर मी विद्यार्थ्यांना खूप वेळ थांबवते. पहिला निर्णय घराचा. ती 3,500 डॉलर भरून क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. कृष्णवर्णीयांसाठी दूर बांधलेली घरे याच्या दुप्पट महाग होती, म्हणून तिने परवडणाऱ्या पैशात सर्वांत चांगले घर शोधले; निर्णय धाडसाचा आहे आणि संपूर्णपणे तिचा आहे. पण घरी आल्यावर ती ते ट्रॅव्हिसला कसे सांगते? तू मोठा पुरुष झालास की हे घर तुझे होणार, असे. घर घेणारी बाई, पैसा नवऱ्याच्या मरणाचा, आणि मालकी मनातल्या मनात थेट नातवाकडे. त्याच खोलीत उभ्या असलेल्या सुनेचा किंवा बाहेर गेलेल्या स्वतःच्या मुलीचा विचार त्या क्षणी तिला सुचत नाही, आणि रूथलाही तो सुचत नाही, कारण तीही त्याच अपेक्षांत वाढली आहे.

दुसरा निर्णय पाकिटाचा. उरलेले 6,500 डॉलर ती पाकिटात घालून वॉल्टरच्या हाती देते. त्यातले 3,000 बेनिथाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी बँकेत टाक, बाकीचे तुझ्या नावावर ठेव, आणि आजपासून या घराचा कर्ता तू, जसा तू असायला हवास, असे ती म्हणते. तिचा हेतू समजण्यासारखा आहे. मुलगा डोळ्यांसमोर खचत चालला आहे आणि जगाने जे त्याला नाकारले, ते आपण तरी नाकारू नये, असे तिला वाटते. पण मुलीच्या शिक्षणाचा पैसा भावाच्या हातून का जावा? बेनिथाला स्वतःचे खाते उघडता आले नसते का? हा प्रश्न नाटकात कुणीही विचारत नाही, आणि हॅन्सबेरींनी कथानकाची मांडणी अशी केली आहे की प्रेक्षकालाच तो विचारावा लागतो, कारण वॉल्टर बँकेत जातच नाही आणि बहिणीचे 3,000 स्वतःच्या रकमेबरोबर दारूच्या दुकानाच्या व्यवहारात घालतो. भावाला पुरुषपणाचा मान मिळावा म्हणून दिलेली ही रक्कम होती आणि ती बहिणीच्या भविष्यातून आली होती. आपल्या निबंधाचा कणा कुठे ठेवावा असे मला विचाराल, तर मी या पाकिटावर ठेवीन.

रूथच्या गर्भारपणाचा प्रसंगही याच हिशेबाचा भाग आहे. एवढ्याशा घरात आणखी एक जीव कसा वाढवायचा, हे न सुचल्यामुळे ती गर्भपात करणाऱ्या बाईला 5 डॉलर आगाऊ देऊन येते. त्या काळी इलिनॉय राज्यात गर्भपात बेकायदा होता, आणि अशा ठिकाणी जाणे म्हणजे जिवाचा धोका पत्करणे होते. लेना हे वॉल्टरला सांगते आणि त्याच्याकडून एका वाक्याची वाट पाहते: आपण मुलांना जीव देणारी माणसे आहोत, घेणारी नव्हे, असे तू बापासारखे बोल. वॉल्टर काही न बोलता निघून जातो. या प्रवेशाकडे पाहताना विद्यार्थी वॉल्टरवर संतापतात आणि ते बरोबर आहे. पण लेना काय करते तेही पाहा. निर्णय रूथच्या शरीराचा आहे, आणि तो सोडवण्यासाठी लेनाला पुरुषाचा शब्द हवा आहे. रूथला काय हवे, हे त्या खोलीत कुणी तिला नीट विचारत नाही. घर घेतल्याची बातमी कळते तेव्हा रूथचा आनंद जो उफाळून येतो, त्याचे मूळ यात आहे. आणि पुढे सगळे पैसे बुडाल्यावर, आता जाणे रद्द, असे लेना म्हणू लागते तेव्हा रूथच उठून सांगते की मी शिकागोतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत वीस-वीस तास राबेन, मूल पाठीला बांधून अमेरिकेतल्या सगळ्या फरशा पुसेन, पण आपल्याला इथून निघायचे आहे. वॉल्टरच्या शेवटच्या भाषणाची आठवण सगळ्यांना असते. रूथचे हे बोलणे त्याच्या आधी येते, आणि शौर्यात ते तसूभरही कमी नाही.

बेनिथाविषयी तुलनेने थोडे लिहिते, कारण तिचे प्रश्न ती स्वतःच मोठ्याने मांडते. डॉक्टर व्हायला तुला सांगितले कुणी, इतर बायकांसारखी नर्स हो नाहीतर लग्न करून गप्प बस, असे भाऊ म्हणतो. श्रीमंत जॉर्ज मर्चिसन तिला सांगतो की मी तुझे विचार ऐकायला तुझ्याबरोबर फिरत नाही. आणि नायजेरियाचा असागाई, जो तिला तिच्या मुळांची ओळख देतो, तिच्या केसांबद्दल विचार करायला लावतो, तोही पुरुषाने बाईवर प्रेम केले की बाईला तेवढे पुरेसे असते, असे बोलून जातो. त्यावर पुरुषांनी लिहिलेल्या सगळ्या कादंबऱ्यांत हेच असते, असे ती त्याला सुनावते. तीन पुरुष, तीन वेगळे वर्ग आणि विचार, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र जवळपास एकच. असागाईला निव्वळ मुक्तिदाता ठरवणारे निबंध मी परत पाठवते. आणि एक गोष्ट जरूर नोंदवा: जॉर्ज मूर्ख आहे असे बेनिथा सांगते, तेव्हा, मूर्खांवर वेळ घालवू नकोस, असे म्हणून लेना तिला पाठिंबा देते. श्रीमंत स्थळ नाकारणाऱ्या मुलीचे म्हणणे आई एका वाक्यात मान्य करते, आणि बेनिथा या वेळी समजून घेतल्याबद्दल तिचे आभार मानते.

हॅन्सबेरी स्वतः हे प्रश्न फार आधीपासून हाताळत होत्या. 1957 मध्ये त्यांनी फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हार यांच्या स्त्रीविषयक ग्रंथावर एक दीर्घ निबंध लिहायला घेतला होता. त्यांच्या घरातल्या अनुभवाचाही येथे थेट संबंध आहे. 1937 मध्ये त्यांच्या वडिलांनी, कार्ल हॅन्सबेरी यांनी, शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले, तिथली घरे कृष्णवर्णीयांना विकू नयेत या कराराच्या अटीवरून खटला झाला आणि 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इतिहासात नाव वडिलांचे आहे. पण लॉरेन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की वडील वॉशिंग्टनच्या न्यायालयात लढाईचा प्रतिष्ठित भाग लढत होते, तेव्हा बाहेरच्या हिंसक जमावापासून चार मुलांना राखण्यासाठी आई भरलेले पिस्तूल घेऊन रात्रभर घरात गस्त घालत होती. ज्या लेखिकेने लहानपणी हे पाहिले, ती लढणारा पुरुष आणि मागे उभी असलेली बाई, असे सोपे चित्र काढणार नाही.

यावरून आपल्या मूळ अडचणीकडे, म्हणजे शेवटाकडे, येता येते. सगळे बुडाल्यावर वॉल्टर ठरवतो की यंगरांनी क्लायबोर्न पार्कमध्ये राहायला येऊ नये म्हणून पैसे देऊ करणारा तिथल्या मंडळाचा प्रतिनिधी लिंडनर याच्याकडून ते पैसे घ्यायचे आणि घर सोडून द्यायचे. त्याच्यासमोर गुडघे कसे टेकू हे तो घरच्यांना करून दाखवतो. बेनिथा म्हणते, हा माझा भाऊ नाही. लेना तिला थांबवते आणि विचारते की माणसावर सर्वांत जास्त प्रेम कधी करायचे असते, तो यशस्वी असतो तेव्हा की जगाने मारून मारून त्याला खाली पाडलेले असते तेव्हा? मग लिंडनर येतो. रूथ ट्रॅव्हिसला खाली पाठवू पाहते आणि लेना म्हणते, नाही, तो इथेच थांबेल, तू काय करतोस ते त्याला दाखव, विली हॅरिसने तुला शिकवले तसे तू त्याला शिकव. मुलगा कोलमडू शकतो अशा क्षणी ती नातवाला साक्षीदार म्हणून उभे करते, आणि या सबंध नाटकातली तिची सर्वांत कठोर आणि सर्वांत समर्थ कृती हीच आहे. वॉल्टर पैसे नाकारतो. तो जे बोलतो त्यात बापाचा अभिमान आहे, मुलगा या देशातली आमची सहावी पिढी आहे हे आहे, आणि बहीण डॉक्टर होणार आहे व आम्हाला तिचा अभिमान आहे, हेही आहे. ज्या बहिणीचे पैसे त्यानेच बुडवले, तिच्या शिक्षणाला तो परक्यासमोर घराची प्रतिष्ठा म्हणून पुढे करतो. लिंडनर मग लेनाकडे वळून, आपण वयाने मोठ्या, शहाण्या आहात, अशी विनवणी करतो. आई आणि मुलगा यांच्यात फट पाडण्याचा तो प्रयत्न आहे, आणि माझा मुलगा बोलला, आता माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरलेले नाही, असे म्हणून ती फट पडू देत नाही.

तेव्हा, वॉल्टर पुरुष झाला, हे लेनाचे वाक्य येते ते त्याने पैसा मिळवल्यावर नव्हे, पैसा नाकारल्यावर. मुलाला आपल्या भविष्याचे चित्र रंगवून सांगताना त्याने मोठे ऑफिस, सेक्रेटरी, माळी आणि बाजारहाट करायला रूथसाठी उघड्या टपाची कॅडिलॅक, असा पुरुषपणा कल्पिला होता. शेवटी उरतो तो वेगळा पुरुषपणा आहे: आपल्या माणसांच्या वतीने, मुलासमोर, खरे बोलणे. हा बदल मोठा आहे आणि तो निबंधात जरूर मांडा.

पण, आधी म्हटल्याप्रमाणे, निम्मा गुंता येथे उरतो. बोलण्याचा मान अजूनही पुरुषालाच मिळाला आहे. रूथने तेच धैर्य आधी दाखवले तेव्हा तिला कुणी, आता तू मोठी झालीस, असे म्हटले नाही. आणि हॅन्सबेरी हे विसरलेल्या नाहीत, याचा पुरावा अगदी शेवटी आहे. सामान बाहेर जात असताना बेनिथा सांगते की असागाईने मला मागणी घातली आहे, मी आफ्रिकेत डॉक्टर होईन. आणि काही मिनिटांपूर्वीच पुरुष झालेला वॉल्टर लगेच म्हणतो, ते डोक्यातून काढ आणि पैसेवाल्या जॉर्ज मर्चिसनशी लग्न कर. दोघे भांडतच जिन्याने उतरतात. बरेच दिग्दर्शक हे भांडण हलकेफुलके करून घेतात, प्रेक्षक हसतात आणि वाक्ये विरून जातात. मी ते भांडण संपूर्ण ऐकू येईल असे बसवते, कारण वॉल्टर लिंडनरसमोर बदलला असला तरी बहिणीसमोर बदललेला नाही, हे त्यातच दिसते. आणि लेनाचे समाधानाचे वाक्य या भांडणाच्या नंतर येते, आधी नाही. नाटक कुटुंबातल्या पुरुषप्रधानतेचे समर्थन करत नाही आणि ती संपल्याचा दावाही करत नाही. वंशद्वेषाविरुद्ध हे घर एक झाले, एवढे ते दाखवते आणि घरातला हिशेब उघडा ठेवते. आपण निबंधात दोन्ही अर्ध्या बाजू मांडल्यात, तर परीक्षक कुठल्याही मताचा असला तरी आपले म्हणणे टिकेल.

मध्यवर्ती पात्राचा वाद आपल्या गटापुरता नाही. मूळ प्रयोगात वॉल्टरची भूमिका करणारे सिडनी पॉइटिए यांचे ठाम मत होते की नाटक मुलाच्या बाजूने उलगडले पाहिजे, आणि आईच्या भूमिकेत क्लॉडिया मॅक्नील यांचे सामर्थ्य एवढे होते की तोल तिच्याकडे जात असे. याचे उत्तर आपण कोणते प्रवेश निवडता यावर अवलंबून आहे. दारूच्या दुकानाची भांडणे आणि लिंडनरचा प्रवेश घेतलात, तर नाटक वॉल्टरचे होईल. देवाचा प्रसंग, घराची बातमी आणि पाकीट घेतलेत, तर लेनाचे. माझा सल्ला विचाराल तर 50 सेंटचा प्रसंग, 5 डॉलरचा प्रसंग, पाकीट आणि रूथचे तिसऱ्या अंकातले बोलणे, हे चार भाग एका ओळीत वाचा. मग नाटक रूथचे होते, आणि स्त्री-पुरुषांविषयीचा आपला प्रश्न श्रोत्यांपर्यंत सर्वांत स्पष्टपणे पोहोचतो. रूथसाठी आवाज मोठा असलेली मुलगी शोधू नका. दमलेली असूनही शब्द न गाळणारी वाचक शोधा.

शेवटची एक व्यावहारिक गोष्ट आवृत्तीबद्दल. 1959 च्या प्रयोगात काही भाग गाळले होते. बेनिथा केस नैसर्गिक ठेवून येते तो प्रसंग आणि शेजारीण मिसेस जॉन्सनचा प्रवेश त्यांत होता. ते नंतरच्या संपूर्ण आवृत्तीत परत आले. आपल्या ग्रंथालयात जुनी प्रत असेल, तर बेनिथाविषयीचे काही मुद्दे आपल्याला संहितेत सापडणारच नाहीत. 1961 चा चित्रपट हॅन्सबेरींच्याच पटकथेवर आहे, पण तो पाहून संहितेचे संदर्भ देऊ नका, त्यातही काटछाट आहे. कोणती प्रत वापरली ते निबंधाच्या पहिल्या पानावर लिहा, आणि गटातल्या सर्वांकडे तीच प्रत असेल एवढे पाहा.